लिनक्स सर्व्हर सांभाळायचा: कॉकपिट की टर्मिनल?

लिनक्सचा सर्व्हर पहिल्यांदाच गळ्यात पडला की प्रश्न ठरलेला: ब्राउझरमध्ये उघडणारं, सर्व्हरचा कारभार दाखवणारं कॉकपिट बसवावं, की एसएसएचने (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून) आत शिरून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांडच शिकाव्यात? माझं मत आधीच सांगतो. बघायला कॉकपिट, बदल करायला टर्मिनल. एक अपवाद आहे, तो पुढे येईल. (अख्खा डेस्कटॉप बसवून माउसने सर्व्हर चालवायचा विचार असेल, तर तो सोडाच.)

रेड हॅटचा पाठिंबा असलेलं कॉकपिट मला आवडतं, कारण ते स्वतःचा वेगळा संसार थाटत नाही. लिनक्समध्ये आधीच असलेल्या, सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) सांभाळणाऱ्या सिस्टिम-डी आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्क-मॅनेजर यांच्याशीच ते बोलतं. टर्मिनलवर एखादी सर्व्हिस बंद केली की इथेही ती बंद दिसते. कोणी पान उघडल्याशिवाय ते सुरूही होत नाही, त्यामुळे १ जीबी मेमरीच्या स्वस्त सर्व्हरलाही परवडतं. कोणती डिस्क किती भरली, कोणती सर्व्हिस पडली, हे एका नजरेत कळतं. आणखी एक, खास आपल्या कामाचं: फाइलींची नावं मराठीत असतील तर बऱ्याच टर्मिनलांत मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. ब्राउझरमध्ये ती नीट वाचता येतात.

आता अपवाद. दूरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता बदलताना चूक झाली, तर तुम्ही स्वतःच बाहेर अडकता. बदलानंतर संपर्क तुटला असं दिसलं, तर कॉकपिट जुनी मांडणी परत आणतं. टर्मिनलवर ही काळजी आपणच घ्यायची. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्यासाठी ‘नेटप्लॅन ट्राय’ ही कमांड आहे: १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही, तर बदल मागे घेतला जातो.

बाकी सगळीकडे टर्मिनलचं पारडं जड. क्लिक कुठे नोंदवून ठेवता येत नाहीत. सहकाऱ्याला फोनवर ‘डावीकडचा तिसरा पर्याय, मग खाली’ असं समजावण्यापेक्षा एक ओळ पाठवणं सोपं. तीच ओळ वीस सर्व्हरवर चालवता येते आणि सहा महिन्यांनी पुन्हा सापडते. नेट रडतखडत चालत असेल तरी एसएसएच तग धरतं. सर्व्हर बूटच झाला नाही, तर समोर काळा पडदाच असतो, म्हणजे कमांड कधीतरी शिकाव्या लागणारच.

पण टर्मिनल विचारत नाही, करून मोकळं होतं. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची म्हणून मुख्य सर्व्हरवरची पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. दोन सर्व्हर, दोन सारख्याच दिसणाऱ्या खिडक्या! प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टला (कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराला) वेगळा रंग द्या. लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरला लाल. ‘नक्की का?’ विचारणाऱ्या चौकटीवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. तिथेही बोट सवयीने ‘हो’वरच जातं.

माझ्या मते सगळ्यात शहाणी तोड आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या स्मिट या मेनूच्या साधनाने काढली होती: मेनूतून पर्याय निवडा आणि एफ-सिक्स दाबून त्यामागची कमांड बघा. माणूस मेनू वापरता वापरता कमांड शिकायचा. कॉकपिटमध्ये अशी सोय मोजक्याच पानांवर आहे.

कॉकपिटसारख्याच, ब्राउझरमधून चालणाऱ्या वेबमिनचं नाव कोणी सुचवेलच. ते १९९७ पासून आहे आणि त्यात कॉकपिटपेक्षा कितीतरी जास्त गोष्टी करता येतात. पण २०१९ मध्ये त्याच्या काही आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवलेला सापडला होता. म्हणून वेबमिन असो वा कॉकपिट, त्याचं पोर्ट (ज्या क्रमांकावर ते जोडणी घेतं ते दार) इंटरनेटवर उघडं टाकू नका. कॉकपिटचं ९०९० फायरवॉलमध्ये बंदच ठेवा आणि एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे त्याच सुरक्षित जोडणीच्या आतून, आपल्या ब्राउझरपर्यंत आणा.