आठ महिने वापरून: झिओलाइट, कार्बन की तांबं?

मिश्र गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड (सीओ) वेगळा काढायला, गॅसचे रेणू पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ लागतो. पाठ्यपुस्तकात त्याला 'अधिशोषक' म्हणतात, आमच्या लॅबमध्ये सगळे 'ॲडसॉर्बंट'च म्हणतात. दोन कॉलमचा, म्हणजे हा पदार्थ भरलेल्या दोन उभ्या नळ्यांचा, छोटा सेटअप आहे. आत सोडतो ते मिश्रण पोलाद कारखान्यातल्या एलडी कन्व्हर्टरच्या (ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भट्टीच्या) गॅससारखं, म्हणजे भरपूर कार्बन मोनॉक्साइड, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. खरी डोकेदुखी नायट्रोजनची. सीओ आणि नायट्रोजन दोघांचा रेणुभार २८, उत्कलनबिंदू उणे १९१.५ आणि उणे १९६ अंश. गार करून वेगळे करायला गेलात तर घाम फुटेल.

सुरुवात ५ए झिओलाइटने (झिओलाइट म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं खनिज) केली. स्वस्त, टिकाऊ, पण कार्बन डायऑक्साइड दिसला की सीओला विसरतो. नायट्रोजन आणि सीओमध्येही फारसा भेद करत नाही. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन ओलाव्याला इतका घाबरत नाही, पण निवडीच्या बाबतीत त्याचीही तीच रड, वर काळी पूड फिल्टरमध्ये. मॉफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) चार-पाच ग्रॅमच मिळालं, त्यावर कॉलम भरत नाही.

मग क्युप्रस क्लोराइड चढवलेला वाय झिओलाइट. दोन्ही पावडरी कोरड्या मिसळून साधारण ३५० अंशांना तापवायच्या. क्लोराइड वितळत नाही, तरी झिओलाइटच्या पृष्ठभागावर एकेरी थरात पसरतं. त्यातलं एकसंयुजी तांबं सीओला धरतं, पण व्हॅक्यूम दिला की सोडतं. सीओ धरला जाताना उष्णता सुटते, म्हणून गॅस सोडल्यावर बेडमधले (कॉलममधल्या भरावातले) थर्मोकपल, म्हणजे तापमानाचे सेन्सर, खालून वर एकामागून एक चढतात, त्यावरूनच कळतं सीओ कुठवर पोचला. नायट्रोजन सरळ निघून जातो. पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा सेन्सर बिघडलाय असंच वाटलं होतं.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. व्हॅक्यूम देण्याआधी थोडा शुद्ध सीओ बेडमधून फिरवा. पेलेटच्या (पावडरीच्या दाबून केलेल्या गोळ्यांच्या) फटींतला नायट्रोजन बाहेर पडतो. आधीचे दोन महिने आम्ही शुद्धता का येत नाही म्हणून पंपालाच शिव्या घालत होतो.

आता तक्रार. हे तांबं फार नाजूक. दिवाळीच्या सुट्टीत, हवा आत येऊ नये म्हणून लावलेला नायट्रोजनचा सिलिंडर संपला आणि एक व्हॉल्व्ह गळत होता. परतल्यावर कॉलम उघडला तर वरचे पेलेट हिरवट, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतात तसे. दमट हवेने तांबं द्विसंयुजी झालं होतं. हायड्रोजनमध्ये तापवून थोडं परत आणलं, पण पूर्वीची क्षमता नाही आली. हायड्रोजन सल्फाइडचंही त्याला वावडं आहे, म्हणून कारखान्यातला खरा गॅस आधी धुवूनच घ्यावा लागेल.

म्हणून सध्या पुढच्या कॉलममध्ये १३एक्स झिओलाइट, तो पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अडवतो, आणि मागे तांबं. पंपाचं तोंड छताबाहेर काढलंय. सीओला वास नसतो, त्यामुळे डिटेक्टरची बॅटरी दर सोमवारी तपासतो. नायट्रोजनच्या सिलिंडरवर मात्र आता प्रेशर गेज दोन आहेत.