‘बट’ घ्यावं की ‘हाउएव्हर’?

मराठीतल्या ‘पण’साठी इंग्रजीत ‘बट’ही चालतं आणि ‘हाउएव्हर’ही, विरामचिन्हं मात्र दोघांची वेगळी. नागपूरच्या उन्हाचं आणि तिथल्या बर्डी (सीताबर्डी) या बाजारपेठेचंच वाक्य घ्या: ‘इट वॉज फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज, बट बर्डी वॉज क्राउडेड.’ ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय. दोन पूर्ण वाक्यं ते स्वतःच जोडतं. आधी एक स्वल्पविराम पुरतो, नंतर काही नको.

त्याच जागी ‘हाउएव्हर’ ठेवलं की वाक्य मोडतं. ते क्रियाविशेषण, दोन वाक्यं जोडणं त्याचं काम नाही. म्हणून आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम: ‘इट वॉज फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज; हाउएव्हर, बर्डी वॉज क्राउडेड.’ दोन्हीकडे स्वल्पविराम देणं ही निबंधांतली नेहमीची चूक. पण ‘हाउएव्हर’ची एक गंमत फार मोलाची आहे, ते हलवता येतं. ‘बर्डी, हाउएव्हर, वॉज क्राउडेड’ म्हटलं की आपल्या ‘बर्डी मात्र गजबजलेली होती’सारखा जोर नेमका बर्डीवर येतो. इथे दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम बरोबर, कारण वाक्य एकच आहे.

ईमेल, गोष्ट, छोटी वाक्यं असतील तर बिनधास्त ‘बट’ वापरा. त्यानं वाक्य सुरू केलं तरी चुकत नाही. अहवालात उलट मुद्दा नव्या वाक्यापासून मांडायचा असेल, तर ‘हाउएव्हर’ शोभतं. अडीचशे शब्दांत ते एकदा, फार तर दोनदा.

आणि ‘जरी… तरी’च्या सवयीनं ‘ऑलदो’सोबत ‘बट’ लिहू नका. दोघांपैकी एक काढा.