तासगावकडच्या द्राक्षबागेतली गरम मसाला वाइन, या थंडीत जाऊन याच

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढं लिहिलंय.

सांगलीहून तासगावला जाताना मेन रोड सोडून थोडं आत गेलं की हे बागेतलं कृषी पर्यटन लागतं. हुरडा पार्टीमुळं बऱ्याच जणांना माहीत असेल, पण हुरड्याचे रिव्ह्यू इथं पोत्यानं पडलेत म्हणून मी त्याबद्दल लिहीत नाही. मी लिहितोय ते संध्याकाळी मिळणाऱ्या गरम वाइनबद्दल. तिच्याबद्दल कुणी नीट लिहिलेलंच दिसलं नाही, "छान होती, थंडीत मजा आली" एवढंच आणि पुढं बागेचे फोटो. अहो एवढ्या जीव लावून कुणीतरी ही गोष्ट करतंय आपल्या भागात, ते लोकांना कळायला नको का.

ज्यांनी कधी प्यायली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रेड वाइनमध्ये साखर, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल वगैरे घालून ती मंद आचेवर गरम करतात आणि गरमगरमच पितात. युरोपात थंडीच्या दिवसात, ख्रिसमसच्या बाजारात तर ठेल्याठेल्यावर मिळते. आपल्याकडं आता थंड हवेच्या ठिकाणच्या काही हॉटेलांत मेनूवर दिसायला लागलीय आणि माझं भांडण तिथंच आहे. बहुतेक ठिकाणी वाइन पातेल्यात ओततात, वरून गरम मसाल्याची पूड टाकतात आणि चहासारखी खळाखळा उकळतात. मग जे कपात येतं ते गढूळ, कडवट, तळाला मसाल्याचा चोथा, आणि वाइनची चव शोधून सापडत नाही. एका हॉटेलात (नाव घेत नाही) मला अक्षरशः सर्दीचा काढा दिला होता आणि वर बिल लावलं होतं कॉकटेलचं.

इथं तसं होत नाही. का होत नाही ते बघायचं असेल तर सहा-साडेसहाला शेकोटी पेटायच्या आधी पोचा आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहा, ही वाइन करणारे दादा हाकलत नाहीत, उलट खुश होतात कुणी विचारलं की.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घेतात, अॅल्युमिनियमचं अजिबात नाही, कारण वाइन आंबट असते आणि अॅल्युमिनियमला ती लागते, चवच बदलते. त्यात आधी फक्त साखर आणि साखर बुडेल इतकीच वाइन. त्यातच दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, एक बाद्यान (चक्रीफूल), दोन-तीन वेलदोडे नुसते ठेचलेले, आल्याची एक चकती, चार मिरी. सगळं अख्खं, पूड काहीच नाही. हे मात्र चांगलं उकळतात, पाक जरा चिकट होईपर्यंत, कारण मसाल्याचा अर्क उतरायला उकळी लागतेच. वास जो सुटतो ना तेव्हा, बाहेर अंगणात बसलेली माणसं माना वळवून बघतात. मग गॅस एकदम बारीक, आणि आता उरलेली सगळी बाटली त्यात हळूच ओततात, संत्र्याची साल टाकतात आणि झाकण ठेवून देतात.

साल कशी काढतात तेही बघण्यासारखं आहे, बटाट्याच्या सोलाण्यानं फक्त वरचा केशरी पापुद्रा, आतला पांढरा भाग जरासुद्धा येऊ देत नाहीत. वहिनी एक साल उजेडात धरून दाखवत होत्या, तिला मागून थोडं पांढरं चिकटलेलं होतं, ते त्यांनी सुरीनं खरवडलं आणि मगच टाकली. तो पांढरा भाग कडू असतो आणि गरम वाइनमध्ये त्याचा कडवटपणा लगेच उतरतो.

मी विचारलं, "दादा, आता उकळी नाही आणायची का?"

"नाही ओ, उकळी आली की गेली वाइन. कडंला बारीक बुडबुडं दिसलं, वाफ यायला लागली की बास. बोट नाही घालता येणार पण घोट घेता आला पाहिजे, एवढीच गरम."

हा माणूस थर्मामीटर ठेवत नाही पण मी नंतर घरी मोजून बघितलं, कडेला बारीक बुडबुडे येतात तेव्हा साधारण सत्तर डिग्री असते. अल्कोहोल उकळतं अठ्ठ्याहत्तर डिग्रीच्या आसपास. वाइनमध्ये पाणी जास्त म्हणून ती आख्खी त्या डिग्रीला उकळत नाही हे खरं, पण जितकी तापवाल तितकं अल्कोहोल आणि सुगंध दोन्ही वाफेबरोबर उडणार, आणि द्राक्षाच्या सालीतला जो तुरटपणा असतो तेवढा मागं राहणार. म्हणून मसाला उकळायचा, वाइन उकळायची नाही. एवढं एक जरी आपल्या हॉटेलवाल्यांनी पाळलं तरी निम्मं काम झालं.

आता गंमत सांगतो. त्यांच्या मेनूकार्डवर "जर्मन रेसिपी" असं छापलंय. जर्मन लोकांचं प्रेम आहेच या पेयावर. तिकडं काटझेनेलनबोगन म्हणून एक घराणं होतं, त्यातल्या काउंट योहान चौथ्याच्या नावावर साधारण १४२० सालचं चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं गरम वाइनचं भांडं सांगतात, त्याला झाकण आणि चक्क कुलूप लावायची सोय. आणि आज युरोपियन युनियनचा कायदा आहे की ग्लूवाइन (गरम मसाला वाइनचं जर्मन नाव) म्हणून जी विकायची ती द्राक्षाच्या वाइनचीच पाहिजे, मुख्य चव दालचिनी नाहीतर लवंगेची, अल्कोहोल कमीत कमी ७ टक्के, आणि पाणी घालून वाढवायची नाही. पण हे करायची पद्धत जर्मनांच्याही लई आधीची आहे. अपिसियसच्या नावानं जो रोमन पाककृतींचा संग्रह आहे त्यात पहिलीच कृती मसाला वाइनची आहे. त्यात मध आणि थोडी वाइन एकत्र उकळायची, वरचा फेस काढत राहायचा, मग त्यात मिरी, केशर, तमालपत्र, मस्तकी नावाचा डिंक, भाजलेल्या खजुराच्या बिया घालायच्या, आणि सगळ्यात शेवटी बाकीची भरपूर वाइन ओतायची. वाचलं का नीट? आधी थोड्या वाइनचा पाक, बाकीची वाइन नंतर. दादा तासगावात तेच करतात, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, हातानं करत करत जमलंय.

आणि त्या रोमन वाइनमधली मिरी कुठली, तर आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची, केरळच्या किनाऱ्यावरून जहाजं भरभरून जायची. प्लिनी नावाचा रोमन लेखक पहिल्या शतकात तक्रार करतो की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (त्यांची नाणी) हिंदुस्थान आपल्याकडून ओढून नेतो. उलट्या बाजूनं त्यांची वाइन मातीच्या उंच कुंभांतून इकडं यायची, त्या कुंभांची खापरं आपल्याच महाराष्ट्रात तेरला, नेवाशाला सापडलीत. लांब कशाला, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं त्यात रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली, टाउन हॉल म्युझियममध्ये ठेवलीय, कधी गेलात तर बघा. म्हणून मला कुणी म्हणालं की हे काय फॉरेनचं फॅड, तर मला ते पटत नाही. मसाला इथून गेला, वाइन तिथून आली, हा व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे.

द्राक्षाचं तर बोलायलाच नको. तासगाव म्हणजे थॉमसन, सोनाका, माणिक चमन, पण ही सगळी खायची आणि बेदाण्याची द्राक्षं, रेड वाइन त्यांची होत नाही, तिला काळ्या सालीची, बारीक मण्याची, बियांची जात लागते, शिराज, कॅबर्ने असल्या. सरकारनं २००१ ला वाइनचं धोरण आणलं तेव्हा दोन वाइन पार्क ठरले, एक नाशिककडं विंचूरला आणि दुसरा आपल्या पलूसला. विंचूरचं नाव सगळीकडं झालं, पलूसचं म्हणावं तसं झालं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथं दादा शिराज वापरतात, नवी, फळाची चव असलेली, लाकडी पिंपात मुरवलेली नाही. ते बरोबरच आहे, पिंपातली महागडी वाइन गरम केली की लाकडाची चव पुढं येते आणि मसाल्याशी भांडते. पैसे वाया. घरी करणार असाल तर मध्यम किमतीची साधी रेड घ्या, फक्त आंबलेली, उघडून चार दिवस पडलेली नको, मसाल्यानं ते झाकलं जात नाही.

आता कपाकडं येतो. चिनी मातीच्या कानवाल्या कपात देतात, काचेच्या ग्लासात नाही, त्यामुळं हात भाजत नाही आणि शेवटपर्यंत गरम राहते. तळाला चमचाभर बेदाणे आणि सोललेले बदाम. ही स्वीडनची पद्धत, तिकडं गरम वाइनमध्ये बेदाणे-बदाम घालतातच. पण स्वीडनमध्ये बेदाणा पिकत नाही हो, आपल्याकडं पिकतो, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि हा बेदाणा तर त्यांच्याच शेडवरचा. हिरवट, लांबोडा, पातळ सालीचा. पहिले दोन-तीन घोट होईपर्यंत तो तळाशी नुसता पडून असतो, मग फुगायला लागतो, साल ताणली जाते, रंग जांभळट होतो, आणि कप संपल्यावर चमच्यानं खाल्ला की आतून गरम वाइन फुटते तोंडात. दालचिनी, गोडवा, थोडा तुरटपणा, सगळं एकदम. मला विचाराल तर या एका चमच्यासाठी सांगलीहून यावं. बायकोनं तर दुसऱ्या कपाला "वाइन कमी चालेल, बेदाणे जास्त घाला" म्हणून सांगितलं आणि वहिनींनी घातले पण.

दालचिनीबद्दल पण सांगतो, कारण फरक तिथंच पडतो. बाजारात दालचिनी म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा जाड सालीचं कॅसिया असतं, तिखट आणि उग्र. इथं कोकणातली पातळ सालीची वापरतात, पदरावर पदर गुंडाळलेली, बोटानं चुरडली जाते. गोडसर वास, घशाला खरखर नाही.

आता अर्धा मार्क. रविवारी गर्दी असली की एकदम मोठं पातेलं करून ठेवतात आणि ते आचेवर तासन्‌तास राहतं, मसाला आतच. लवंग अशी जास्त वेळ राहिली की जीभ बधिर करते आणि कडू लागते. आम्ही रविवारी उशिरा घेतलेला कप आणि मधल्या वारी घेतलेला कप, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक होता. उपाय सोपा आहे, मसाला पोटलीत बांधायचा आणि चव उतरली की काढून घ्यायचा. मी दादांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी बघतो म्हणाले. तोपर्यंत तुम्ही गेलात तर ताजी करून मागा, वीस मिनिटं थांबावं लागतं पण देतात.

सोबत काय खायचं? पिठलं-भाकरी आणि ठेचा नंतर जेवणात घ्या, वाइनबरोबर नको, ठेच्यानं सगळी चव मारली जाते. खारे शेंगदाणे नाहीतर गरम हुरडा, बास. हुरड्याबरोबर लसणाची चटणी देतात ती बाजूला ठेवा. पनीर टिक्का पण आहे मेनूत, ठीकठाक, मागवला नाही तरी काही बिघडत नाही.

कप दोनशे रुपयाला आहे, एका बाटलीत पाचच कप निघतात ते बघता महाग नाही. परवाना काउंटरमागं लावलेला आहे. लहान मुलांना आणि न पिणाऱ्यांना काळ्या द्राक्षाच्या रसाची तसलीच गरम मसाला आवृत्ती मिळते, त्यात साखर घालत नाहीत, लिंबू पिळतात, आमच्या आईला ती इतकी आवडली की कृती लिहून घेतली. जो गाडी चालवणार त्यानं तीच घ्यावी, वाइन गोड गरम असल्यामुळं चढतेय हे कळत नाही आणि आतला रस्ता अंधारा आहे, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पण असतात.

घरी करायची असेल तर वहिनी मसाल्याची पुडी विकतात, एका बाटलीपुरती, सगळं अख्खं, साल वाळवलेली. बाटलीला साखर सात-आठ चमचे लागते पण आधी पाचच घाला आणि चाखून वाढवा, कारण काही वाइन मुळातच गोड असते. साखरेऐवजी गूळ घालू नका, मी विचारलं होतं, गुळानं रंग काळपट होतो आणि वाइनची चव मागं पडते असं त्या म्हणाल्या.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, बाग भरात असते, मण्यात पाणी उतरायला लागलेलं असतं. दुपारी तासगावच्या गणपतीचं दर्शन घ्या, सात मजली गोपूर निवांत बघा आणि मग इकडं या. आदल्या दिवशी फोन करून किती जण ते सांगा, फेब्रुवारीत द्राक्ष काढणी सुरू झाली की घरचे सगळे बागेत असतात आणि वाइन बंद असते.