काम समाधानकारक नाही म्हणून सेवा संपवताना: राजीनामा, सेवासमाप्तीचे पत्र की बडतर्फीचा आदेश?

हिंगणघाट-वणीकडील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात किंवा गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमध्ये एखाद्या दिवाणजीचे किंवा ऑपरेटरचे काम पटेनासे झाले की, 'उद्यापासून येऊ नका' एवढ्या तोंडी वाक्यावर अनेकदा प्रकरण संपवले जाते. कागदाचा प्रश्न मागाहून उभा राहतो आणि तेव्हा मालकापुढे तीन पर्याय असतात. त्यांतून निवड करताना हे ध्यानात ठेवावे की, त्या माणसाला पुढचे काम बहुधा त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या मिलमध्ये शोधायचे असते आणि आपण दिलेला कागद तिथे वाचला जाणार असतो.

राजीनामा दोघांनाही सोपा वाटतो, कारण त्यात दोषाचा उल्लेख नसतो आणि मालकाला कपातीची, म्हणजे शिक्षा म्हणून नसलेल्या सेवासमाप्तीची, भरपाई द्यावी लागत नाही. मात्र हा सोपेपणा राजीनामा खरोखर स्वेच्छेचा असेल तोपर्यंतच टिकतो. नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर घेतलेली सही किंवा थकलेला पगार अडवून लिहून घेतलेला मजकूर न्यायालयात दबावाचा ठरला, तर तो राजीनामा न राहता बेकायदा सेवासमाप्ती ठरते. शिवाय भरपाईवरचा हक्क आपण सोडतो आहोत, हे कर्मचाऱ्याला ठाऊकच नसते. म्हणून मालकाने स्वतःहून राजीनामा सुचवणे मला उचित वाटत नाही.

बडतर्फीचा आदेश याच्या अगदी उलट टोकाचा आहे. ती शिक्षा असल्याने आधी आरोपपत्र, उत्तराची संधी आणि साक्षीपुराव्यांसह चौकशी आवश्यक असते. इथे एक भेद नीट समजून घ्यावा. लेखी सूचना देऊनही जिनच्या बेअरिंगला वेळेवर तेल न देणे आणि त्यामुळे कापसाला आग लागण्याचा धोका वारंवार निर्माण करणे हा हलगर्जीपणा आहे, त्याला गैरवर्तन म्हणता येते. पण नवे यंत्र प्रामाणिक प्रयत्न करूनही हाताळता न येणे हे गैरवर्तन नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बडतर्फ करणे अन्यायाचे आहे आणि न्यायालयात टिकणेही कठीण आहे.

अशा माणसासाठी मधला मार्ग, म्हणजे नोटीस आणि भरपाईसह सेवासमाप्तीचे पत्र, हाच योग्य आहे. चौकशीनंतरची शिक्षा नसलेली सेवासमाप्ती, काही ठरावीक अपवाद वगळता, कारण कोणतेही असले तरी कपातच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंट प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे वर्षभर सलग, म्हणजे किमान २४० दिवस, काम केलेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील ही अट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम असून, कपात झालेल्या कामगारासाठी कौशल्य निधीत आणखी १५ दिवसांचा पगार भरण्याची जबाबदारी तिने मालकावर टाकली आहे. केवळ कापसाच्या हंगामापुरते राबणारे हात २४० दिवसांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. व्यवस्थापकाला ही तरतूद लागू नसते. त्याच्या बाबतीत नेमणूकपत्रातील नोटिशीची अट पाहावी.

हे पत्र कर्मचाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत असावे, त्यात शेवटचा दिवस आणि देय रकमांचा तपशील असावा, आणि कारण एका संयत वाक्यात लिहावे. 'आळशी', 'अविश्वासू' असे शब्द पत्रात आले की साध्या सेवासमाप्तीला शिक्षेचे रूप येते आणि मग चौकशी का केली नाही, हा प्रश्न उभा राहतो.

पैशांच्या बाबतीत तिन्ही मार्गांत फरक समजला जातो तितका नाही. राहिलेला पगार तिन्ही प्रसंगी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटीही मिळते: १३,००० रुपये अंतिम वेतन आणि सात वर्षे सेवा असल्यास, महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने ५२,५०० रुपये. काम बरे नव्हते म्हणून ती रोखता येत नाही; हेतुपुरस्सर कृत्याने किंवा निष्काळजीपणाने नुकसान केल्यामुळे सेवा संपवली असेल, तर त्या नुकसानीपुरती रक्कम कापता येते. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत सेवा सोडल्याची तारीख मालकाने लगेच भरावी. ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः ऑनलाइन भरू शकतो, पण हाती काम नसताना दोन महिने थांबणे त्याला जड जाते.

अनुभवाचा दाखला मात्र कोणताही मार्ग निवडला तरी स्वतंत्र कागदावर द्यावा आणि त्यात पद, कामाचे स्वरूप व सेवेचा कालावधी एवढेच लिहावे. सेवा का संपली, हे त्यात लिहू नये.