झेनिथचं रडर किट: घर सांभाळून जमतं का?

जमतं. पण कुठे जमतं आणि कुठे डोकं फिरतं, ते नीट सांगतो. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून उभी नोकरी काढली. निवृत्तीनंतर घरच्यांना वाटलं, आता हा माणूस सकाळी पेपर वाचेल. मी झेनिथ या विमान-किट बनवणाऱ्या कंपनीच्या सीएच 750 एसटीओएल (म्हणजे कमी धावपट्टीत उडणाऱ्या-उतरणाऱ्या) या दोन सीटच्या विमानाचं रडर किट मागवलं. रडर म्हणजे शेपटीवरचा, विमान डावी-उजवीकडे वळवणारा उभा भाग. तो घरी जोडायचा.

पूर्ण विमानाचं किट एकदम घ्यायला लागत नाही, ही यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. नुसतं रडर घ्या, हात बसतो का बघा, मग पुढचं. या विमानाला शेपटीवर वेगळा स्थिर उभा पंख नसतो, अख्खा उभा भागच वळतो. म्हणजे रडर झालं की उभी शेपटी झाली. क्रिस हाइन्ट्झ या डिझायनरची ही जुनी पद्धत, आणि घरी बनवणाऱ्याला सोयीची.

किटमधला पत्रा 6061-टी6 ॲल्युमिनियमचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. भोकं बरीचशी कारखान्यातूनच पाडून येतात. आता रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची मेख, मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं. इथे रिव्हेट चपट्या डोक्याचा, काउंटरसंक असतो, पण तो ओढून बसवायच्या गनच्या नोझलला समोरून वाटीसारखा खोलगट आकार दिलेला. ओढला की चपटं डोकं त्या खोलगटात दाबलं जाऊन घुमटासारखं होतं आणि त्याची कड पत्र्याला चारी बाजूंनी घट्ट बसते. पहिला रिव्हेट ओढला आणि भिंगातून बघत बसलो. शेडमध्ये आयुष्य गेलं, पण अशा ओढायच्या, पॉप रिव्हेटकडून एवढी सफाई काढलेली पाहिली नव्हती. साधं नोझल लावून काम उरकू नका.

घर सांभाळून जमतं ते क्लेकोमुळे. क्लेको म्हणजे भोकात बसणारा स्प्रिंगचा तात्पुरता चिमटा. तांब्याच्या रंगाचा 1/8 इंचाला, काळा 5/32 ला. सगळा सांगाडा क्लेकोवर उभा करायचा, आणि बाहेरून "अहो, गॅस संपला" आलं की गन ठेवून निघायचं. महिन्याने परत आलात तरी काम जिथल्या तिथे. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत-पुरीला नातेवाईक जमतात. तेव्हा रडर क्लेकोसकट पोर्चच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. अमळनेरच्या मावशींनी पुरी हातात घेऊनच विचारलं, "हाई काय शे?" विमान आहे म्हटल्यावर त्यांनी भरीत परत वाढून घेतलं.

आता त्रास. पहिला, कचरा. रिव्हेट ओढला की पोलादी दांडी तुटून पडते, आणि नात अनवाणी फिरते. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून रोज संध्याकाळी फरशीवरून फिरवतो. ड्रिलचा ॲल्युमिनियम चुरा मात्र चुंबकाला येत नाही, तो झाडूनच काढावा लागतो. भोकाची बर, म्हणजे कडेची धारदार कोर, काढण्याचं काम घरात बसून करू नका, सूनबाईंनी सोफ्यातून चुरा काढून दाखवलाय.

दुसरा, ऊन. मे महिन्यात भुसावळला दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 20 अंशांनी तापला की पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो. पत्रा उन्हात आणि आतला स्पार, म्हणजे सांगाड्याचा मुख्य दांडा, सावलीत असेल तर टोकाची भोकं सरकलेली दिसणार, आणि माणूस उगाच कानस उचलणार. उन्हाळ्यात पहाटेच काम करा, सगळे भाग रात्रभर एकाच जागी ठेवून.

तिसरा, प्रायमर, म्हणजे पत्र्यावर रंगाआधी मारायचा थर. गच्चीवर बिबडे वाळत असताना खाली फवारणी करायची नाही. यावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

कस्टममधून माल सोडवून आणणाऱ्या एजंटाने मात्र खोकं उघडून कसंही बांधून पाठवलं. रिव्हेटच्या पिशव्या फाटून दोन्ही मापं एकत्र झालेली. सौभाग्यवतींनी दुपारी ताट घेऊन सगळे वेगळे करून दिले, आणि त्या एजंटाविषयी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. किटची किंमत बघताना वाहतूक आणि आयातीच्या जकातीचा हिशोब आधी मांडा, नंतर घरी उत्तरं द्यावी लागतात.

"हे उडणार कुठे?" असं सगळेच विचारतात. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बनवणाऱ्या अमोल यादवांना डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याची, नोंदणी 2017 मध्ये मिळाली, तीही कितीतरी वर्षांच्या खेटांनंतर. त्यांच्या विमानाची चाचणी झाली ती आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे खान्देशात जागा आहे, कागदांचा प्रश्न आहे. ते कागद कळेपर्यंत पंखाच्या किटला पैसे घालणार नाही.

रडरपुरतं म्हणाल तर पाचापैकी साडेचार. अर्धा कापला, कारण नकाशे इंचात, आणि आमचा हात मिलिमीटरवर बसलेला. घेणार असाल तर गनचा हवेचा कंप्रेसर शेजाऱ्याच्या झोपेच्या खोलीपासून लांब ठेवा आणि क्लेको सांगतात त्यापेक्षा जास्त मागवा.