आठ हजारांचा स्विच

६ अँपिअरचा साधा स्विच. त्यासाठी मी ८,००० रुपये मोजले आणि वर घरात करंट सोडून घेतला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना 'ओटीपी कोणाला सांगू नका' म्हणून दटावलेली बाई मी. घरच्यांनी हे ऐकवून झालंय, तुम्ही नका ऐकवू.

गणपती तोंडावर आलेले. डोंबिवलीतलं आमचं घर तसं जुनंच. हॉलमध्ये ज्या दिव्याखाली मखर लागतं, नेमका त्याचाच स्विच अडकला. नेहमीचे वायरमन कोकणात गावी गेलेले. अशा दिवसांत डोंबिवलीत वायरमन शोधून दाखवा, मग मला अक्कल शिकवा. मोबाईलवर शोधलं, पहिलं नाव आलं त्याला फोन लावला. रेटिंगमध्ये भरपूर स्टार, भेट शुल्क २९९. पुढची पद्धत तुम्हाला माहीत आहेच.

दोन मुलं आली. छापील टी-शर्ट, पाठीला बॅग. बोर्ड उघडून एकाने मान हलवली. "काकू, न्यूट्रल जळालाय. आतली सगळी लाइन गेली." न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर. दुसऱ्याने दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, ठिणगी उडाली, एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला. "बघा, शॉर्ट!" अहो, फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल एकमेकांना टेकवले तर कोणाच्याही घरात ठिणगीच उडणार. तो बिघाडाचा पुरावा नव्हे, तमाशा होता.

पण ठिणगीचं एक वेळ सोडा. मला झोप लागत नाही ती पंख्यामुळे. एमसीबी वर केल्याबरोबर त्याच बोर्डावरचा पंखा गरगर फिरायला लागला. न्यूट्रल जळाला असता तर पंखा फिरला कशावर? बोर्डाला न्यूट्रल एकच. तो गेला की दिवा, पंखा, सॉकेट, सगळंच बंद. मी त्या पंख्याखाली उभी होते, वारा अंगावर येत होता आणि मी पैसे पाठवायला फोन शोधत होते. 'उद्या आग लागली तर आम्हाला बोलू नका' असं कोणी तोंडावर म्हटलं की चांगल्या चांगल्यांचं डोकं चालत नाही.

बिल असं: भेट २९९, वायरचं बंडल २,३५०, चार स्विच १,४००, 'न्यूट्रल लिंक' ६५०, मजुरी ३,५००. एकूण ८,१९९. मग मोठ्या मनाने, "तुम्ही आठच द्या." बिलावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. यूपीआयवर नाव आलं ते तिसऱ्याच माणसाचं. पैसे पाठवायच्या आधी ते नाव वाचत जा, आणि बिलाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा.

रात्री दिवा बंद केला तरी एलईडी मंद मिणमिणत राहिला. मला वाटलं, नवीन वायर आहे, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्टुलावर चढून होल्डर पुसायला गेल्या. स्विच बंद होता. कपडा ओलसर. झटका बसला, स्टूल कलंडलं. मी मागेच होते म्हणून हाडं शाबूत राहिली.

गणपतीनंतर वायरमन परत आले. टेस्टर होल्डरला लावला. स्विच बंद, तरी टेस्टर पेटलेला. त्या पोरांनी फेज सरळ दिव्याला दिली होती आणि स्विच न्यूट्रलमध्ये बसवला होता. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच. स्विच नेहमी फेजमध्येच हवा, हे वायरमनच्या हाताखालच्या पोरालाही माहीत असतं. सगळीकडे एकच लाल वायर ओढलेली. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हा भेद कुठेच नाही. मग वायरमननी वायरचं टोक ब्लेडने खरवडलं. वरचा तांबूस रंग निघाला आणि आतून पांढरं अॅल्युमिनियम दिसलं. पाइपातली जुनी चांगली तांब्याची वायर? ती 'भंगार' म्हणून बॅगेत घालून नेली होती. माझ्याच हातचा चहा पिऊन!

वायर घेताना टोक खरवडून बघा, दुकानदाराला राग आला तरी. आयएसआयच्या खुणेजवळ सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून बघता येतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. माणसाला बसणारा झटका साध्या एमसीबीला कळत नाही.

आता पोलीस चौकीतला अनुभव. "काकू, काम तर केलं ना त्याने? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." एका हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा होत नाही. वीज कंपनीच्या कार्यालयात गेले तर मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं, आमचा संबंध नाही. चौकी म्हणते ग्राहक मंचात जा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तक्रारीत समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो. तो मी कुठून आणू? त्या फोन नंबरवरून आणि यूपीआयवरून पत्ता काढणं कोणाचं काम आहे? माझं? सासूबाई स्टुलावरून पडून जिवानिशी गेल्या असत्या तर तेव्हाही हे दिवाणीच म्हटले असते का?

वायरमननी तांब्याची वायर घालून सगळं परत केलं, १,१५० रुपयांत, सामानासकट.

हे सगळं झाल्यावर शेजारच्या इमारतीतल्या एका बाई हळूच म्हणाल्या, त्यांच्याकडेही हीच दोघं आली होती, ११,५०० नेले. तक्रार? नाही केली, मिस्टर ओरडतील म्हणून. माझं नाव कुठे घालू नका म्हणाल्या. घालणार नाही. पण बाई, माझा अर्ज 'एकटीचंच म्हणणं' म्हणून ज्या टेबलावरून परत आला, तिथे तुमची एक सही जोडली असती तर त्या साहेबांना निदान खुर्चीतून उठावं लागलं असतं.