भिंतीवर टांगलेलं वॉश बेसिन, नऊ महिन्यांनंतर

दिवाळीआधी बसवलेलं बेसिन आषाढ सरत आला तरी जागचं हललेलं नाही. पण हे आमचं दुसरं फिटिंग. पहिलं तीन आठवड्यांत काढावं लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घर साताऱ्यात, जुनं. मोरी काढून बाथरूम केलेलं. आधी पेडेस्टलचं बेसिन होतं. त्या खांबामागे फरशी पुसायला हात जात नसे, म्हणून 22 बाय 16 इंचाचं टांगतं घेतलं. प्लंबरने टाइलच्या आडव्या रेघेवरून दोन खुणा केल्या, भोकं पाडली, बोल्ट आवळले. तासाभरात काम संपलं आणि दिसायलाही छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या डाव्या हाताला बोटभर लांबीचं पाणी साठलेलं. पुसलं, तर संध्याकाळी पुन्हा तिथेच. आमचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे आठवड्यातच त्या कोपऱ्यात पांढरा खरखरीत थर धरला. कडेवर लेव्हल (सपाटी दाखवणारी, बुडबुड्याची पट्टी) ठेवून पाहिली तर डावी बाजू दोन सूत खाली. म्हणजे पाव इंच, जवळपास 6 मिलिमीटर. डोळ्यांना हे कळत नाही, पाण्याला बरोबर कळतं.

शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. त्यांनी लेव्हल आधी बेसिनवर नाही, टाइलच्या रेघेवर धरली. "ताई, बेसिन रेघेला धरून सरळच बसवलंय, रेघच उतरलीय." बाथरूमच्या फरशीला जाळीकडे ढाळ असतो. आमच्याकडे टाइल लावणारा खालच्या ओळीपासून त्या ढाळावरूनच वर चढत गेला होता. म्हणूनच फरशीपासून टेप धरून दोन्ही भोकांची उंची सारखी घेतली तरीही चूक होते. एका बाजूची फरशीच खाली असते ना.

काकांनी लेव्हल ट्यूब आणली. साधी पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. भरल्यावर ती उंच धरून टिचक्या मारत एकूण एक बुडबुडा घालवला, कारण आत हवा राहिली तर दोन टोकांचं पाणी खोटं बोलतं. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. पाणी थोडा वेळ वरखाली डुलतं, ते पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी खूण करू दिली नाही. मग दोन्हीकडे पेन्सिलीची बारीक रेघ. उजवीकडची खूण टाइलच्या सांध्यावर आली आणि डावीकडची सांध्याच्या दोन सूत वर. ते पाहून माझा सगळा संशय फिटला.

उंचीही तेव्हाच बदलली. आई बुटकी आहे, तिला 32 इंच जड जात होतं, म्हणून कड 31 वर घेतली. याहून खाली जाता आलं नाही, कारण भिंतीतला वेस्टचा, म्हणजे सांडपाण्याचा, पाइप आहे तिथेच राहणार आणि बॉटल ट्रॅपचं (बेसिनखालची, पाणी धरून वास अडवणारी बाटलीसारखी जोडणी) तोंड त्याच्या खाली गेलं तर पाणी वाहणार कसं? नवीन बाथरूम करत असाल तर पाइप भिंतीत गाडण्याआधीच उंची ठरवा.

भिंत साडेचार इंची विटेची. पहिल्या वेळी एक भोक नेमकं विटांच्या सांध्यात गेलं होतं आणि त्यातला बोल्ट धरणारा प्लग जागेवर फिरत होता. त्यामुळे या वेळी रॅग बोल्ट, म्हणजे भिंतीत सिमेंटने पक्के गाडायचे बोल्ट, भरले. टाइलवर चिकटपट्टी लावून, ड्रिलचा हॅमर (ठोके मारणं) बंद ठेवून टाइल पार केली, मग आतलं भोक मोठं केलं. बोल्ट भरल्यावर सात दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. आठवडाभर आम्ही अंगणातल्या नळावर तोंड धुतलं. याची घाई करू नका, सगळा भार या दोन बोल्टांवर असतो.

बसवताना नट आणि चिनी मातीच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घातले, आणि एकदा डावा, एकदा उजवा असं थोडं थोडं आवळत गेलो. एकच बाजू दाबून आवळली तर बेसिनला तडा जाऊ शकतो. दर वेळी लेव्हल ठेवली. आधी आडवी, मग दोन्ही कडांवर पुढून मागे, आणि प्रत्येक वेळी लेव्हलची टोकं उलटी करून पुन्हा. भाजलेल्या मातीची कड कधी कधी थोडी लहरते, म्हणून लांब लेव्हल दोन्ही कडांवर आडवी टेकवणं बरं. टाइल वरच्या बाजूला किंचित पुढे झुकलेली होती, त्यामुळे बेसिनच्या मागे खाली फट राहत होती. तिथे प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या. लाकडाची चीप घालू नका, ती पाण्याने फुगते आणि नंतर कुजते. सिलिकॉन सगळ्यात शेवटी, आणि त्यावर 24 तास पाणी नाही.

आता वापराचं. सकाळी उठताना आई डाव्या हाताने कड धरून भार टाकते, रोज. दोन महिन्यांनी मी नट तपासले, उजवा पाव फेरा आवळला गेला, त्यानंतर नाही. परवा पुन्हा लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. नळाभोवती पाणी साठत नाही, थर धरत नाही. फरशी पूर्ण पुसता येते. बॉटल ट्रॅप दर दोन महिन्यांनी खोलून धुते, खाली बादली ठेवायला मोकळी जागा असल्यामुळे ते पाच मिनिटांचं काम झालंय.

दोन तक्रारी आहेत. पावसाळ्यात उजव्या कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं पडलंय, बुरशीरोधक घ्यायला हवं होतं, गणपतीआधी कापून नवीन भरणार आहे. आणि पहिल्या फिटिंगची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली तरी त्यातलं एक बेसिनच्या खालून दिसतं. आईला ते चालतं, मला मात्र रोज दिसतं.